पाटाकाठी सांगावयाची गोष्ट

दाजींच्या खिशात पत्र होते, आणि त्यातील वार्ता गुंडूच्या कानी कशी घालावी हे त्यांना उमजत नव्हते.

दोघे बागेच्या फाटकातून आत शिरले. बहारीनच्या त्या रखरखीत भूमीत नदी कोठून असणार? मात्र या बागेत झऱ्याचे पाणी रुंद पाटाने खजुरांमधून वाहत असे आणि काठाकाठाने फरसबंद पायवाट जात असे.

पत्र गावच्या शाळामास्तरांचे होते. परमुलखातील माणसाला त्याच्या घरचे मरण थेट कळवावयाचे नाही, अशी त्यांच्या गावची रीत होती. तेथील गाववाल्याच्या नावे लिहावे. त्याने आधी खाऊ घालावे, वाहत्या पाण्याजवळ न्यावे आणि मग सांगावे. खाडीत होडी उलटून गुंडूची आई रत्नाबाई निवर्तली होती. अखेरीस मास्तरांनी लिहिले होते, ‘दोघांनी एकमेकांस सांभाळावे.’

दाजी हूरा नावाच्या शहरी वस्तीतील एका हॉटेलात कपड्यांना इस्त्री करीत. गुंडू सनद नावाच्या दुसऱ्या वस्तीत गिलाव्याच्या कामावर होता. दाजी त्यास बोलावणे धाडणार, तोच गुंडूचा निरोप आला, की शुक्रवारी बागेत जाऊ. दाजींना ती ईश्वराचीच कृपा वाटली.

एरवी गुंडू भेटताच थट्टा करी, की जगाचे कपडे कडक करणारे दाजी स्वतः मात्र चुरगळलेले हिंडतात. आज त्याने थट्टा केली नाही. खजुराखाली बसून त्याने भाकरी आणि तळलेला बांगडा पुढे केला.

“आधी खावन घेवा, दाजीनू.”

दाजींनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच हाती धरला. ते आपल्या मुलीच्या, मालूच्या, लग्नाविषयी बोलत राहिले. तिच्यासाठी घेतलेल्या जांभळ्या साडीचे काठ किती रुंद आहेत, हे त्यांनी हाताने दाखविले. गुंडू पाण्याकडे पाहत होता.

अखेर दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“गुंडू, तुझी आवस गेली रे. खाडयेत होडी उलाटली.”

गुंडूने मान वर केली.

“माझी आवस?”

दाजींनी पत्र त्याच्या हाती दिले. त्याने ते दोनदा वाचले. मग कपड्यांनिशीच तो पाटात उतरला आणि तीन बुड्या मारून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. दाजींनी पंचा पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

“दाजीनू, तुमी पण उतरा.”

दाजी हळुवारपणे म्हणाले, की आपण त्याच्या भावकीतले नाही, आपल्याला सुतक लागत नाही.

गुंडूने त्यांचा हात घट्ट धरला.

“मास्तरांचा पत्र माका पण इला. त्यात आवशीचा नाव नाय. तुमच्या मालूचा आसा.”