चीर की ओरखडा

“सायबर सिक्युरिटी भरते,” निकिता म्हणाली. “ठरलं.”

“ठरलं तर दाब की मग ते बटन! सकाळपासनं ठरतंयच तुझं,” भाकरी थापता थापता तिची आई पुष्पावती म्हणाली.

निकिता पुण्याला एमएस्सी कॉम्प्युटर करत होती आणि सुट्टीला घरी आली होती. दुसऱ्या वर्षाला एक खास विषय निवडायचा आणि पुढची नोकरी त्याच वाटेने शोधायची. फॉर्म मोबाईलवर उघडा होता. पाच वाजता तो बंद होणार होता. खरं सांगायचं तर तिला दुसराच विषय हवा होता, कॉम्प्युटर व्हिजन. म्हणजे फोटोत काय आहे ते कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं. पहिल्या वर्षी तिने कांद्याच्या पातीवरचा करपा ओळखणारा प्रोग्रॅम केला, तेव्हा एरवी कुणाचं कौतुक न करणारे खडूस सरसुद्धा भर वर्गात म्हणाले होते, “हिनं दुसरा विषय घेतला तर मला येऊन सांगा.” एवढं असून पोरगी भलताच विषय धरून बसली होती. त्याचं कारण होतं तिचे वडील कारभारी, म्हणजे तिचे आप्पा.

कारभारी सुप्याच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं कास्टिंग तपासत होते. लोखंडाचा ओतीव भाग हातात घ्यायचा, ट्यूबलाइटखाली फिरवायचा आणि चीर दिसली की लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूला टाकायचा. केसाहून बारीक चीर त्यांना दिसायची. नुसता ओरखडा असला तर अंगठा फिरवून ते भाग पास करायचे. नवे इंजिनियर शंका आली की मुकाट त्यांच्याकडे यायचे. मग दिवाळीनंतर कारखान्यात चिरा ओळखणारा कॅमेरा आला. तो शिकून तयार झाला की तपासणीवरच्या चौघांचं काही कामच उरणार नव्हतं.

तेव्हापासून आप्पांचं बिनसलं होतं. रोज ओव्हरटाइम म्हणून उशिरा यायचे. डोळे लाल. शेजारचा अंगद त्यांच्याच तपासणीच्या लाइनवर होता. तो त्यांना रोज मोटारसायकलवर न्यायचा. आता महिनाभर तो दारासमोरून न थांबता जात होता आणि आप्पा वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन जात होते. बरं, पुण्याला फोन केला की लेकीची खुशाली राहिली बाजूला, विचारायचे काय, तर “सावली पडली तर कॅमेऱ्याला ती चीर वाटती का गं?” धास्ती घेतलीय माणसाने, निकिताला वाटायचं. ज्या विद्येपायी बापाची जागा जाणार, तीच आपण शिकायची? छे!

“मला नाही जमायचं, आई,” ती म्हणाली. “उद्या मीच कुठल्या तरी कारखान्यात असा कॅमेरा बसवणार. तिथंही कुणाचे तरी आप्पा असतीलच ना?”

पुष्पावतीने भाकरी तव्यात टाकली.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. अंगद आत आला, पण बसला नाही. कारभारी दुसऱ्या पाळीला जायला निघाले होते. कंपनीच्या शर्टाची बटणं लावत ते बाहेर आले. अंगदने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“निके, तुज्या बापाला इचार, त्या कॅमेऱ्याला शिकवतंय कोन!” तो म्हणाला. “साहेबानं इचारलं तवा आमी समद्यांनी न्हाई म्हनलं. ह्यांनी तेवढा हात वर केला. रोज पाळी सुटली की दोन-दोन तास माऊस धरून बसत्यात, फोटोतल्या चिरांवर चौकोन काढून त्याला चीर दाखवत. आज ग्रुपवर मेसेज आलाय. एक तारखेपासनं आमी पॅकिंगला. आन गंमत बघ, ह्येबी आमच्यासंगंच!”

बोलला आणि किक मारून निघून गेला.

निकिता आप्पांकडे बघतच राहिली. ते लाल डोळे, ते सावलीचे प्रश्न. भीती नव्हतीच ती. माणूस अभ्यास करत होता!

“आमी न्हाई म्हनलं म्हनून कॅमेरा काय परत जानार हुता व्हय?” कारभारी ओशाळून म्हणाले. “पुन्यावरनं आलेला इंजिनियर ओरखड्याला चीर म्हनत हुता. कुनीतरी नीट दाखवाय पायजेच की.”

“पण तुम्हीच का, आप्पा?” निकिताला रडू आवरेना. “अख्खी लाइन तुमच्याशी बोलत नाही. आणि इथं मी तुमच्या जागेपायी तो विषयच सोडायला निघालेय. हे बघा, सायबर सिक्युरिटी भरून ठेवलंय. नुसतं बटण दाबायचं बाकी आहे.”

कारभारींनी मोबाईल हातात घेतला. फॉर्म इंग्रजीत होता. त्यांनी तो जरा वेळ बघितला आणि तिच्याकडे परत दिला.

“गावात लोक इचारायची, पोरगी पुन्याला काय शिकती? मी म्हनायचो, कॅम्प्युटर. म्हंजी नेमकं काय करती, असं कुनी इचारलं की माजी बोलती बंद. साहेबानं इचारलं तवा म्हनलं, ह्ये तर लेकीच्या करप्याच्या फोटोंगतच हाय, चला, आपली लेक काय करती ते एकदा आपन करून तर बघू.” शर्टाचं शेवटचं बटण त्यांनी लावलं. “आता कुठं मला लोकांना सांगता याया लागलं, तर तू इषय बदलतीस व्हय?”