दौलतरावांची बाजू

"हे नाही चालणार," इब्राहीम सर म्हणाले आणि एकांकिकेचे कागद त्यांनी वैष्णवीसमोर ठेवले.

अकरावीतल्या वैष्णवीनं गॅदरिंगसाठी आपल्याच वस्तीचं नाटक लिहिलं होतं. वस्तीवरून शाळेकडं येणारी पांदणीची वाट दौलतरावांनी नांगरून आपल्या वावरात घेतली आणि तेव्हापासून पोरं ट्रकांच्या सडकेनं फिरून शाळेत येऊ लागली. गेल्या पावसाळ्यात त्याच सडकेवर एका मोटारसायकलनं तिच्या धाकट्या बहिणीला, संस्कृतीला, उडवलं. पायात रॉड पडला, शाळा सुटली. दौलतराव दवाखान्यात केळी घेऊन भेटायला आले होते, ते आठवलं की वैष्णवीला जास्तच चीड येई. नाटकातले तिचे दौलतराव मिशीला पीळ देत खदाखदा हसत होते.

"हा सारखा हसतो कशाला?" सर म्हणाले. "असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्याची बाजू लिही. अशी, की त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, असं मला वाटलं पाहिजे."

वैष्णवीची कानशिलं तापली.

"बाजू? एका बाजूले त्याइचं वावर हाय, दुसऱ्या बाजूले आमची शाळा. आता तिसरी बाजू कोनती, सर?"

"ती सापडली की ये."

तिनं लिहून पाहिलं. जमीन पोरांत वाटली गेली म्हणावं, तर दौलतरावांना एकच मुलगा आणि किन्हीराजा गावच्या शिवारात पसरलेली जमीन. नड होती म्हणावं, तर दारात नवा ट्रॅक्टर. त्यांच्या तोंडी एखादा बरा शब्द घातला, की शेजारी भिंतीला पाय टेकून बसलेल्या संस्कृतीकडं तिला बघवेना. ज्यानं हिची वाट मोडली त्याची वकिली आपण कायले करायची? तिनं पेन आपटला आणि तडक दौलतरावांचं वावर गाठलं.

ते हरभऱ्यात तुषार सिंचनाचे पाइप हलवत होते. पांदण होती तिथंही आता हरभराच होता.

"काकाजी, पांदन काहून मोडली तुमी?"

दौलतराव चिडले नाहीत. हातातला पाइप त्यांनी खाली ठेवला.

"बापानं धाडलं का तुले?"

"नाही. नाटकात लिवाचं हाय."

"माह्यावर नाटक?" त्यांना ते आवडलेलं दिसलं. धुऱ्याच्या बांधावर बसत ते म्हणाले, "मंग खरं तेच लिव. पयल्या साली मी नांगराचं एक तास, एक रेघच, पांदनीत सरकवलं. वाटलं, कोनी येईन भांडाले. कोनी नाही आलं. दुसऱ्या साली अजून सरकलो. तवाबी कोनी नाही. मंग म्हनलं, पाहू तं खरं. सारी नांगरून टाकली अन् दुपारलोक इथंच बसून राह्यलो. कोनी बोललं तं सोडून देऊ, असंच होतं मनात. तुहा बाप आला."

"बाबा?"

"हो. नांगरलेलं पाह्यलं त्यानं. मले राम राम केला अन् सडकेनं निंगून गेला."

दौलतरावांनी बांधावरचं एक ढेकूळ उचलून हातात चुरलं.

"आता तूच सांग पोरी. कोनी काही म्हनलं नाही, मंग ते माह्यंच झालं ना?"

"मी म्हनून राह्यली ना आता!" ती ओरडलीच. "सोडा मंग!"

दौलतरावांनी वावरभर नजर फिरवली.

"आता हरभरा फुलावर हाय," ते म्हणाले आणि पाइप उचलून चालू लागले.

ती घरी आली तेव्हा बाबा संस्कृतीचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळत होते. वैष्णवीनं चप्पलही काढली नाही.

"बाबा, तुमी काहून नाही भांडले त्याइच्याशी?"

बाबांचा हात थांबला. कोणाविषयी बोलते आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

"मले वाटलं, सरपंच बोलन."

"आन् सरपंच?"

"त्याले वाटलं असन, आमी बोलू."

संस्कृतीनं हळूच आपला पाय ओढून घेतला.

संध्याकाळी वैष्णवी पुन्हा लिहायला बसली. दौलतरावांचं बोलणं सरसर उतरलं. हसणं नाही, मिशी नाही, जसं ऐकलं तसं. हात अडला तो बाबांपाशी. त्यांचा तो राम राम तिनं लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. बाबांनी निदान एक शिवी तरी हासडायला हवी होती, असं वाटून तिनं एक झणझणीत शिवी लिहिलीसुद्धा. मग तीही खोडली. राग येऊन डोळे भरले, तरी शेवटी झालं तेवढंच तिनं कागदावर ठेवलं.

सकाळी सरांनी ते पान व्हरांड्यात उभ्याउभ्याच वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"पटलं, सर?"

"पटलं." सरांचा आवाज उतरला होता. "पटलं म्हणूनच चीड आली."

"कोनाची?"

सर काहीतरी बोलणार होते. गेली सहा-सात वर्षं ते त्या वावराशेजारूनच, दरसाल अरुंद होत गेलेली पांदण बघत, शाळेत येत होते. त्यांनी फाटकाबाहेर पाहिलं. सडकेच्या कडेनं वस्तीतली पोरं एकामागं एक येत होती. मागून ट्रकचा भोंगा वाजला, तशी सगळी खाली उतरून बाभळीच्या काट्यांत दाटीनं उभी राहिली. मोठ्या पोरींनी लहानग्यांची दप्तरं मागून घट्ट धरली आणि ट्रक जाऊन धुरळा खाली बसेपर्यंत सोडली नाहीत.