टाळीच्या आधी

गाण्याची जागा माणिकप्पा डोळ्यांनी पारखत नसत, टाळीनं पारखत. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची आणि आवाज कसा परततो ते ऐकायचं. गुलबर्ग्यापासून सोलापूरपर्यंत प्रेमाबाईंच्या गाण्याचे जलसे त्यांनी पंधरा वर्षं असेच ठरवले.

चव्वेचाळीस साली स्वतःचं थेटर काढायला त्यांनी उमरग्यातलं सरकीचं जुनं गोदाम घेतलं. तहसिलीतून उर्दूतला परवाना आला. त्या दिवशी त्यांनी मधोमध उभं राहून हात उचलले. आधी टाळीचा आवाज परतला. मग तळहात एकमेकांना लागले.

त्यांनी भिंतींना गोणपाट ठोकून घेतलं. आवाज बारीक झाला, पण रोज थोडा अधिकच लवकर येऊ लागला. माणिकप्पा कुणाला बोलले नाहीत. जलशाची हँडबिलं तामलवाडीपर्यंत वाटून झाली होती.

जलशाच्या दिवशी दुपारी प्रेमाबाई रिकाम्या थेटरात मंचावर तंबोरा जुळवत बसल्या. आवाज पोचतो का ते बघायला माणिकप्पा नेहमीसारखे मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

भिंतीतून त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, "म्हणा, बाई."

मग प्रेमाबाईंचं गाणं आलं. दुसऱ्या ओळीत ते मधेच तुटलं. तंबोरा आपटला. पुन्हा माणिकप्पांचाच आवाज, "बाई, डोळे उघडा! अरे, हकिमाला बोलवा कुणीतरी!"

मंचावर प्रेमाबाईंनी शेवटची खुंटी पिळली आणि हसून मान वर केली.

"अप्पा, लागला तंबोरा. म्हणू का?"

नको म्हणायला माणिकप्पांनी तोंड उघडलं.

"म्हणा, बाई," ते म्हणाले.