हिरवं लुगडं

हल्ली सवाष्णीला उजाडायच्या आत स्मशानात नेतात. पण सुलक्षणाच्या आईच्या माहेरच्यांची वाट बघण्यात ऊन चढलं. तिरडीवर आईच्या अंगावर हिरवं लुगडं होतं, तिच्या नवऱ्याने, अप्पांनी, रंगाऱ्याच्या हाताने स्वतः रंगवलेलं.

सुलक्षणा मागून चालत होती. कारखान्यांनी नदीत सोडलेला रंग उन्हात खाऊन टाकणारी भुकटी तिनेच प्रयोगशाळेत बनवली होती. रंग किती मिनिटांत जातो हे तिने शंभरदा मोजलं होतं. भुकटी थांबते कधी, हे एकदाही नाही. आता भुकटी नळाच्या पाण्यातही होती. त्याच पाण्याने आईला अंघोळ घालून ओल्या अंगावर नेसवल्यामुळे लुगडं ओलं झालं होतं.

स्मशानात तिरडी टेकली तेव्हा लुगडं पांढरंफटक पडलं होतं.

अप्पांनी त्यावरून हात फिरवला.

"मी अजून जिवंत आहे गं," ते लेकीला म्हणाले.