जयवंताचा वाटा

माझ्या बायकोच्या, जयवंताच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ रुपराव खाप्याहून आमच्या इतवारीतल्या घरी आला. सोबत हक्कसोडीचा कागद होता. सासरे एकाहत्तर साली गेले, तेव्हाच तिनं आपला वाटा भावाला सोडला असेल, असं मी धरून चाललो होतो. सोडला नव्हता. शेतावर तिचं नाव अजून होतं, म्हणून आता वारस म्हणून मला आणि आमच्या पोरीला, गोपिकाला सही करायची होती. बहीण भावाकडून वाटा घेत नाही, आमच्यात रीतच आहे. मी सही केली. गोपिका पेन धरून थांबली.

"कर वं," मी म्हटलं. "वाटा मागितला का नातं तुटते."

"आईनं नऊ वर्षं सही नाही केली, बाबा. तिचं कुठं तुटलं? दर भाऊबीजेले खाप्याले जात होती, मामाचं नवं लुगडं घेऊन येत होती."

रुपराव खाली बघत बोलला, "नऊ वर्षांत ताई आमच्या दारात आली नाही, पोरी. मीच म्हटलं होतं तिले, सही करशील तवा ये."

माझी सही तोवर झाली होती.