वीणाच्या घरचं अर्थिंग

टेस्टिंगचा बल्ब लख्ख पेटला तसा नरेश समाधानानं उठला. बल्बची एक वायर फेजला लावलेली, दुसरी अर्थला.

"आता कॉम्प्युटर आला का त्याच्या डब्याले बिनधास्त हात लाव," तो वीणाला म्हणाला. "झिनझिन्या येणार नाही."

गुढियारीतल्या त्यांच्या भाड्याच्या घरात बोर्डाचं तिसरं भोक नुसतं नावाला होतं, मागे तारच नव्हती. ऑफिसातलं काम घरी आणता यावं म्हणून वीणानं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, आणि नरेशनं मागच्या अंगणात खड्डा खणला. तांब्याची प्लेट पुरली, कोळसा-मीठ भरलं, तिथून भिंत फोडून तार आत आणली. वायरी पायात येऊ नयेत म्हणून पट्टीत बसवल्या. टेबल खिडकीपासून लांब सरकवलं, स्टॅबिलायझर लोखंडी घोडीवर चढवला. बीरगावची मिल बंद पडल्यापासून इतकं मन लावून करावं असं काम त्याच्या हाताला मिळालं नव्हतं.

"तुमच्यासारखं कोणी करत नाही," सकाळी वीणा म्हणाली होती. तेवढ्यावर तो दिवसभर राबला.

भिंतीचं भोक बुजवायचं राहिलं होतं. तो सिमेंट कालवत होता तोच दारात गाडी थांबली. वीणाच्या ऑफिसातली शर्मिष्ठा आणि तिचा भाऊ आशय उतरले. आशयचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. खोके तो स्वतःच घेऊन आला होता. शर्मिष्ठा मैत्रिणीचं घर बघायला म्हणून सोबत आली होती. येणार हे ठाऊक होतं, पण ते संध्याकाळी. नरेशच्या अंगावर फाटकं बनियान होतं आणि हात कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेले.

आशयनं मॉनिटर टेबलावर ठेवला, प्लग लावायच्या आधी मीटरनं बोर्ड तपासला आणि मान हलवली.

"वायरिंग किसने किया? एकदम पक्का काम है."

"खरंच गं," शर्मिष्ठा म्हणाली. "कुठून मिळाला हा मिस्त्री?"

नरेशनं हात पँटला पुसले. ओळख करून दिली की नमस्कार करावा म्हणून तो अर्धवट हसत उभा राहिला.

वीणा कीबोर्डवरचं प्लास्टिक काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"पाऱ्यातलाच आहे, या मोहल्ल्यातलाच," ती म्हणाली. "इथंच मागे राहतो."

'नवरा' एवढ्या एका शब्दात त्याला सांगता आलं असतं. त्यानं वीणाकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. तो खाली बसला आणि थापी उचलून भोक बुजवू लागला.

कॉम्प्युटर सुरू झाला. शर्मिष्ठानं टाळी वाजवली. वीणानं चहा आणला. पाहुण्यांना कपबशीत, नरेशला स्टीलच्या ग्लासात, उंबऱ्याजवळ.

निघताना शर्मिष्ठा त्याच्यापाशी थांबली. "भैया, हमारे यहाँ फ्रिज से शॉक लगता है. चौबे कॉलोनी में. आप कर दोगे?"

"हव," नरेश म्हणाला. "रविवार को आता हूँ."

गाडी गेल्यावर वीणा कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर येऊन बसली.

"तोंडातून निघून गेलं," ती म्हणाली. "तुमचं ते बनियान, ते हात... मले काही सुचलंच नाही."

नरेशनं थापी भिंतीशी ठेवली. अंगणात जाऊन त्यानं हात धुतले. सिमेंट नखांत गेलं होतं, ते निघेना.

"रविवारी जाऊ नका तिथं," आतून ती म्हणाली.

"काहून? मिस्त्री आहो ना मी."

रविवारी तो गेला. शर्मिष्ठाच्या घरी बाग होती. मोगऱ्याच्या वाफ्याशेजारी त्यानं खड्डा घेतला. काम झाल्यावर फ्रिजला आपला तळहात टेकवून दाखवला. शर्मिष्ठानंही भीत भीत बोट लावलं आणि हसली. स्वभावानं ती चांगली होती. व्हरांड्यात खुर्ची देऊन तिनं त्याला चहा दिला, सोबत चिवडा दिला.

"उन्हाळ्यात या खड्ड्यात पाणी टाकत जा," नरेश म्हणाला. "माती वाळली का अर्थिंग काम करत नाही."

"अय्या, तुम्ही मराठी?" ती म्हणाली. "मी उगाच हिंदी बोलत होते."

"हव. अचलपूरकडचे. आजोबा रेल्वेत होते, तवापासून इथंच."

"मग वीणाच्या घरच्यांना चांगलं ओळखत असाल." तिनं खुर्ची जवळ ओढली. "तिचे मिस्टर मोठ्या प्लँटमध्ये इंजिनियर आहेत म्हणे. सारखे साइटवर. ऑफिसात रोज त्यांचं कौतुक ऐकतो आम्ही, पण पाहिलं कुणीच नाही. त्या दिवशी भेटतील वाटलं होतं. कसे आहेत हो?"

नरेशनं चहा संपवला. कप बशीत नीट ठेवला.

"मीही नाही पाहिलं," तो म्हणाला. "मी काम करून राहिलो होतो तवा ते घरी नव्हते."