रविवारची गोळी

सिरिंज भरून झाली होती, आजोबांनी शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर केली होती, आणि तरीही सुई टोचायची नव्हती. परदेशी निघालेल्यांना लस देणाऱ्या त्या दवाखान्याचा नियमच तसा. टोचण्याआधी दुसऱ्या नर्सने यायचं आणि प्रवाशाला सगळं पुन्हा विचारायचं, तेही आपल्या शब्दांत.

नव्या नर्सला हा मेला नियम मुळीच पटत नव्हता. उमेदीची सगळी वर्षं वॉर्डात काढलेली बाई ती. शिकाऊ पोरीसारखी आपली उलटतपासणी चालते, असं वाटून तिला दरवेळी राग यायचा. आता या आजोबांनाच तिने काय विचारायचं ठेवलं होतं? ताप नाही, ॲलर्जी नाही, रोजची औषधं नाहीत. आजोबा घड्याळं दुरुस्त करणारे. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, असा त्यांचा खाक्या. लेकीला मुलगी झाली होती आणि तिला बघायला ते परदेशी निघाले होते.

मोठ्या सिस्टर आल्या आणि स्टूल ओढून बसल्या. नातीचं नाव ठेवलं का, ती कोणावर गेलीय, अशा त्यांच्या निवांत गप्पा सुरू झाल्या. नव्या नर्सने मनातल्या मनात नाक मुरडलं.

"आजोबा, कुठली गोळी राहिली की घरात बोलणी बसतात?" मोठ्या सिस्टरांनी सहज विचारलं.

आजोबा हसले. "ती होय! रविवारची. सांध्यांसाठी आहे. विसरलो तर ही दिवसभर तोंडाचा पट्टा सोडते."

नव्या नर्सने हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात की."

"तुम्ही रोजची विचारलीत," आजोबा शांतपणे म्हणाले. "ही आठवड्यातून एकदाच असते."

घरी फोन लावून आजींकडून गोळीचं नाव घेतलं, डॉक्टरांना विचारलं. गोळी अंगातली प्रतिकारशक्ती दाबणारी आणि लस जिवंत विषाणूंची. दोन्हींची गाठ पडली असती तर आजोबांच्या जिवावरच बेतलं असतं. ही लस त्यांना द्यायची नाही, डॉक्टरांनी बजावलं.

आजोबांचा चेहरा पडला. म्हणजे नात बघायची नाहीच का, असं त्यांनी दोनदा विचारलं. पण ज्या तापासाठी ही लस होती, तो लेकीच्या गावात नव्हताच. विमान बदलायचं त्या मधल्या देशामुळे लसीचा दाखला लागत होता. तिकीट दुसऱ्या वाटेने काढा आणि खुशाल जा, मोठ्या सिस्टरांनी समजावलं. तेव्हा कुठे आजोबांनी बाही खाली केली.

"भरलेली वाया गेली की हो," ते हळहळले.

"जाऊ दे वाया," म्हणत नव्या नर्सने सिरिंज सुयांच्या डब्यात टाकली. एरवी कापसाचा बोळासुद्धा जपून वापरणारी ती. छातीवरचं मणभर ओझं उतरलं होतं.

आजोबा गेल्यावर ती बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली. मोठ्या सिस्टरांनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"मी आधी आले असते तर मीही रोजचंच विचारलं असतं गं," त्या म्हणाल्या. "ते तू विचारून ठेवलं होतंस, म्हणून मला दुसरं सुचलं."

तिला एकदम रडूच आलं. पाणी पिता पिता तिने डोळे पुसले आणि पुढच्या बाईंना आत बोलावलं.

या बाई कामानिमित्त निघालेल्या आणि भलत्याच घाईत. सगळं सांगून झाल्यावर पुन्हा तेच कशाला, तुमच्यावर भरवसा नाही का कुणाचा, म्हणून त्या कुरकुरल्या. नव्या नर्सने तोवर दार उघडलंसुद्धा होतं.

"ताई, या जरा," तिने मोठ्या सिस्टरांना हाक मारली. "माझं एखादं 'रोज' राहून गेलं असेल कुठेतरी."